पुरवणी जबाब

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर माझंच आहे ना, ते आधी नीट बघून घे. ओळी उजवीकडे वर चढत गेल्या आहेत आणि शेवटचे दोन शब्द जागा संपल्यामुळे कडेला दाटीवाटीनं उभे आहेत, म्हणजे मीच. हसू नकोस. गेल्या तेरा दिवसांत मला कशाचाच भरवसा वाटेनासा झाला आहे. दारावरची बेल वाजली की मी आधी खिडकीतून बघतो, मग कोण म्हणून विचारतो, आणि समोरच्यानं नाव सांगितलं तरी मनात येतं, हा म्हणतो म्हणून हा तोच कशावरून? तुझी आई परवा म्हणाली, "तुम्ही आता आरशातल्यालाही ओळखपत्र मागाल." मागितलं तर बिघडलं कुठं, असं मला क्षणभर वाटूनही गेलं.

फोन तू उचलत नाहीस. त्याबद्दल तक्रार नाही. सात महिने झाले. तुझ्या जागी मी असतो तर मीही उचलला नसता. संगणकावरून लिहायचं तर कामाखेरीज मी आता त्याला हात लावत नाही. म्हणून कागद. टपालानं पाठवलं तर सोमवारच्या आत पोचेल याची खात्री नाही, म्हणून आई उद्या सकाळच्या गाडीनं स्वतः घेऊन येते आहे. पाकीट चिकटवून तिच्या हातात देणार आहे. आत काय आहे ते तिनं विचारलेलं नाही, यावरून तिला सगळं माहीत असावं.

सोमवारी तुला ऑफिसात वरिष्ठांनी बोलावलं आहे आणि कशासाठी ते सांगितलेलं नाही, एवढं माझ्या कानावर आलं. आई फोन घेऊन गॅलरीत जाते आणि दार लोटून घेते, पण पूर्ण लावत नाही. तुला कशासाठी बोलावलंय ते मला ठाऊक आहे. आमच्या चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात जे झालं त्यात तुझं नाव घेतलं गेलं, आणि ते तुझ्या नव्या ऑफिसापर्यंत पोचवण्यात आलं. तिथं प्रश्न विचारतील. उत्तरं द्यायला उपयोगी पडेल म्हणून सगळं क्रमानं लिहितो. जरा लांबण लागेल. मला पटकन मुद्द्यावर येता येत नाही, हे तू लहानपणापासून बघते आहेस.

त्या सोमवारी सकाळी आठला मी घिसाई विभागाचं दार उघडलं. यंत्रं सुरू करायला गेलो तर संगणकाचा पडदा काळा, आणि मधोमध पांढऱ्या अक्षरांत एक चिठ्ठी. तुमच्या सगळ्या फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असेल तर सात दिवसांत खंडणी द्या, नाहीतर तुमच्या ग्राहकांची माहिती चव्हाट्यावर मांडू, असा एकूण मजकूर. भाषा इतकी अदबशीर की आपल्या कारखान्यातून दुकानांना जाणारी पत्रं त्यापुढे उद्धट वाटावीत. ऑर्डर विभाग, पॉलिश, पॅकिंग, मालकीण मॅडमची केबिन, सगळीकडे तीच चिठ्ठी. आईनं तुला ‘दरोडा पडला’ असं सांगितलं असेल. दरोड्यात निदान काहीतरी फुटलेलं दिसतं. इथं सगळं जागच्या जागी होतं आणि त्यातलं काहीच आपल्या हातात नव्हतं.

मॅडमचे जावई, ज्यांच्याशी तुझं कधीच पटलं नाही ते तुझे परमप्रिय, धावत आले. आल्या आल्या त्यांनी दोन यंत्रं धाडकन बंद केली आणि तिसऱ्यासमोर बसून चोरांना उत्तर लिहायला घेतलं. काय लिहीत होते? ‘जरा मुदत वाढवून मिळेल का?’ तेव्हा मला तुझा तो कागद आठवला, तू आमच्याकडे संगणकाचं काम बघायचीस तेव्हा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. मी कपाट उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो. आधी नेटवर्कची तार काढा. यंत्र बंद करू नका. चोराला उत्तर देऊ नका. कोणी काय पाहिलं ते वेळेसकट कागदावर लिहा. तुझं अक्षर, लाल शाई, प्रत्येक ओळीखाली दोन रेघा. तू तो लावलास तेव्हा मी विचारलं होतं, की हा काय आग लागल्यावर वाचायचा कागद आहे का. त्या सकाळी मी तारा उपटत फिरत होतो आणि माझ्यामागून पॉलिशच्या मावशी वही घेऊन वेळा लिहीत होत्या.

पट्ट्यावर सहाशे चाळीस ट्रे होते. प्रत्येकात काचांची एक जोडी, कुठली अर्धी घासलेली, कुठली नुसतीच कोरी. चिठ्ठीवर फक्त बारकोड. तू होतीस तोवर त्याखाली चष्म्याचा नंबरही छापला जायचा. तू गेल्यावर जावयांनी तो काढून टाकला, ‘सगळं बारकोडमध्ये असतं’ म्हणून. असतं, पण ते माणसाला वाचता येत नाही. कोणाची काच कोणत्या ट्रेमध्ये, काही पत्ता नाही. मग आम्ही एकेका दुकानाला फोन लावून ऑर्डरी कागदावर पुन्हा उतरवून घेतल्या आणि अर्धवट काचा नंबर मोजायच्या यंत्राखाली धरून कोणती कशाशी जुळते ते शोधत बसलो. काचेचा बाक काढायची माझी जुनी डायरी मी माळ्यावरून आणली. एका शाळेतल्या बाईंचा मायनस अकराचा चष्मा फुटला होता, त्यांना वर्गातला फळासुद्धा दिसत नव्हता. त्यांची जोडी मी संगणकाशिवाय, आकडेमोड करून, हातानं पुरी केली. खरं सांगतो, पहिले तीन दिवस मला आवडले. जुनी पोरं म्हणायला लागली, काका आहेत म्हणून चाललंय. मी फुगलो. तोंडावर काळजी ठेवून आतून फुगलो.

पण कामाबरोबर दुसरंही चाललं होतं. चोर आत आला म्हणजे कोणीतरी दार उघडलं, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं आणि त्यानंतर कोणी कोणाकडे सरळ बघेना. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे एका टेबलावर बसायचो, ते आपापल्या कोपऱ्यात डबे उघडायला लागले. मी बसून यादीच केली. पहिला, तुझ्या जागी आलेला संगणकवाला, आठवड्यातून दोनदा येणारा. सगळे घाबरलेले आणि हा शांत. एवढा शांत माणूस मला खपत नाही. दुसऱ्या, त्याच पॉलिशच्या मावशी. त्या पेनड्राइव्हवर गाणी आणून पॉलिश विभागात लावतात आणि त्या सोमवारी नेमका पेनड्राइव्ह घरी विसरल्या होत्या. विसरल्या कशा? तिसरे जावई. त्यांना वर्षभर नवी यंत्रणा बसवायची होती, मॅडम तयार नव्हत्या. आता तयार होणारच. मी डायरीच्या शेवटच्या पानांवर हे सगळं लिहून ठेवलं, कोण कधी आलं, कोणाच्या चेहऱ्यावर काय होतं. माझ्यापुरतं मी तीन जणांना गुन्हेगार ठरवून टाकलं होतं. चौथं एक नाव मनात डोकावायचं. त्याला मी दाराबाहेरच उभं केलं. ते कोणतं, ते पुढे येईल.

मंगळवारी बाहेरच्या संस्थेतून तपासाला एक बाई आल्या. बाई कसल्या, तुझ्याच वयाची मुलगी. येताना स्वतःची यंत्रं, स्वतःच्या तारा, स्वतःची पाण्याची बाटलीसुद्धा. ती मान किंचित वाकडी करून बघायची आणि मला वाटायचं, हिचा माझ्यावर संशय आहे. दोन दिवसांनी लक्षात आलं, तिच्या चष्म्याची डावी काच दोन मिलिमीटर आत बसवलेली होती. तिनं पहिल्यांदा विचारलं, फायलींची दुसरी प्रत कुठं आहे? संगणकवाल्यानं खाली मान घातली. त्याची प्रत नेटवर्कलाच जोडलेली होती, चोरांनी तिलाही कुलूप घातलं होतं. तेव्हा मी कोऱ्या काचांच्या कोठारात गेलो आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून तिच्यापुढे ठेवला. आत तुझ्या दोन डिस्क, एक लाल पट्टीची, एक हिरव्या पट्टीची. दर शनिवारी आलटून पालटून एकीवर प्रत घ्यायची, तार काढायची, डब्यात घालून कुलूप लावायचं, हे तू मला शिकवलं होतंस. तू गेल्यावर मला कोणी ते करायला सांगितलं नव्हतं. मी सात महिने एकही शनिवार चुकवला नाही. का, ते विचारू नकोस.

मला वाटलं होतं, शाबासकी मिळेल. जावई डब्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सगळ्यांचं गेलं, आणि नेमकं काकांच्याच डब्यात शाबूत कसं?" कोणी हसलं नाही. त्या क्षणापासून मी स्वतःच दुसऱ्यांच्या यादीत गेलो. चहा घ्यायला गेलो की बोलणं थांबायचं. मावशीसुद्धा थांबायच्या, ज्यांचं नाव मी माझ्या डायरीत लिहून ठेवलं होतं. राग आला मला. माझ्यावर संशय घेतातच कसे, असा.

गुरुवारी तुझं नाव निघालं. बाईंनी नोंदी उकलून काढल्या. आदल्या रविवारी, कारखाना बंद असताना, भर दुपारी कोणीतरी बाहेरून आत शिरलं होतं. तुझ्या खात्यातून, तुझ्याच पासवर्डनं. जावयांनी फाइल उघडून एक कागद टेबलावर ठेवला. तू सोडून गेलीस त्या आठवड्यातला. ‘घिसाई विभागातील जुने खाते बंद केले’, त्यापुढे बरोबरची खूण, खाली विभागप्रमुखाची सही. जावई म्हणाले, "खातं रीतसर बंद केलेलं आहे. तरी ती आत येते, म्हणजे जाण्याआधी तिनं चोरवाट ठेवली होती. रागानं गेली होती, सगळ्यांना माहीत आहे." मी तिथंच बसलो होतो. ती सही माझी होती. आणि खातं मी बंद केलेलं नव्हतं.

आता ती सभा तुला आठवत असेलच. प्रत्येकानं वेगळा पासवर्ड वापरायचा आणि घिसाईच्या संगणकावर मेल उघडायची नाही, एवढंच तुझं मागणं होतं. जावई हसले. तू माझ्याकडे बघितलंस. मी वीस माणसांसमोर म्हणालो, "माझ्या माणसांचे हात दिवसभर ओले असतात, दर वेळी कोण टाइप करत बसणार? ही पोर घरीही अशीच, जिथं तिथं कुलपं." सगळे खो खो हसले. मीही हसलो. तू हसली नाहीस, आणि आठवड्याभरात राजीनामा दिलास. तुझ्यामागे तो संगणकवाला माझ्याकडे कागद घेऊन आला, जुनं खातं बंद करून नवं उघडलंत ना काका, म्हणून. मी खूण केली, सही केली, वाचलंही नाही. स्वतःला सांगितलं, तुझं खातं बंद केलं तर यंत्रांचे सगळे हिशेब विस्कटतील. ते खोटं होतं. खरं कारण असं, की तो संगणक सकाळी सुरू केला की पडद्यावर ‘शुभ सकाळ’ म्हणून तुझं नाव यायचं. आणि पासवर्ड म्हणून मी दररोज तुझ्या पहिल्या चष्म्याचे दोन्ही नंबर टाकायचो, मायनस सव्वातीन, मायनस पावणेचार. तो तूच ठेवला होतास. सहा वर्षांची होतीस, ती जोडी मी स्वतः घासली होती. घरात तू माझ्याशी बोलत नव्हतीस, मग घरातच राहिली नाहीस. तिथं रोज सकाळी तू भेटायचीस.

तर गुरुवारी मी हे सगळं बोलायला हवं होतं. बोललो नाही. भीती होती, सहीची लाज होती. पण तेवढंच नव्हतं. भिंगरी, मी तुझ्यावर संशय घेतला. पासवर्ड दोघांनाच माहीत, तू आणि मी. रविवारी दुपारी मी घरी झोपलो होतो. मग राहिलं कोण? एकदा सुरुवात झाली की सगळं जुळत जातं. तू आठ वर्षांची असताना मी तुला रागावलो म्हणून माझं सगळ्यात चांगलं भिंग तू पाण्याच्या टाकीत टाकलं होतंस आणि दोन दिवस चेहऱ्यावर काही दिसू दिलं नव्हतंस. ते मला आठवलं. सभेतून जाताना तू दार किती हळू लावलंस ते आठवलं. आईला तू फोनवर ‘त्यांचं त्यांना कळेल’ असं म्हणाली होतीस, तेही. त्या संध्याकाळी तुझा नंबर लावला आणि घंटा वाजायच्या आत बंद केला. तू खरं सांगितलं असतंस, याची मला खात्री होती, आणि मला तेच ऐकायचं नव्हतं. ज्या डायरीत तीन नावं होती त्यात मी तुझं लिहिलं नाही एवढंच. बाकी पाच दिवस मी तुला चोर समजून जेवलो, झोपलो, आईशी बोललो.

शुक्रवारी सगळ्यांचे जबाब झाले. माझाही झाला, छोटासाच. तो जावयांच्या हाती गेला. तू कुठं काम करतेस हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. आईनं इतके दिवस सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी बाईंनी सगळ्यांना पॅकिंगच्या खोलीत जमवलं. तोवर एकेक यंत्र पुसून कोरं करून झालं होतं, आता त्यात फायली परत भरायच्या होत्या. प्रश्न एवढाच, कोणत्या डिस्कवरून? हिरवी हल्ल्याच्या आदल्या शनिवारची, अगदी ताजी. लाल त्याच्या आदल्या आठवड्याची. जावयांचा आग्रह हिरवीचा, लाल घेतली तर आठवड्याभराच्या सगळ्या ऑर्डरी पुन्हा घालाव्या लागणार होत्या. बाई म्हणाल्या, "चोर रविवारी आला, पण त्याला पासवर्ड त्याआधी कुठूनतरी मिळालाय. कधी, ते मला माहीत नाही. शनिवारच्या आधी तो शिरला असेल तर हिरव्या डिस्कमध्ये तोही असेल, मी तपासलं तरी सुटू शकेल, आणि आपणच त्याला पुन्हा आत घेऊ. कोणी काही विचित्र उघडलं असेल तर सांगा. मला माणूस नकोय, मला तारीख हवीय." आणि मान वाकडी करून तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली.

ज्याला मी दाराबाहेर उभं केलं होतं, ते चौथं नाव माझंच होतं. हल्ल्याच्या आधीचा गुरुवार म्हणजे तुझा वाढदिवस. सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी मी संगणक सुरू केला, शुभ सकाळ, तुझं नाव, आणि कोपऱ्यात तुझ्या नावानं आलेली एक मेल. ‘नेमणूकपत्र, तातडीचे’. तुझ्या मेल मी कधी उघडायचो नाही, फक्त कोणाच्या आल्यात तेवढं बघायचो. हेही वाईटच. त्या दिवशी उघडली. तुला नोकरी लागली का, कुठं लागली, पगार नाही पण जागा बरी आहे का, एवढं कळावं म्हणून. आत लिहिलं होतं, मजकूर दिसण्यासाठी परवानगी द्या. मी दिली. काही दिसलं नाही. पुन्हा पासवर्ड मागितला, तोही दिला. तरी काही दिसलं नाही. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. मग मेल पुसून टाकली, कारण दुसऱ्याचं पत्र उघडल्याची लाज वाटली. तुझ्याविषयी संशय घेत होतो त्या पाचही दिवसांत हा गुरुवार मला आठवत होता. नुसती एक मेल, तिचा काय संबंध, असं मी त्याला म्हणत राहिलो. तुला चोर समजणं मला त्याहून सोपं गेलं.

मी हात वर केला, शाळेत करतात तसा. म्हणालो, लाल डिस्क घ्या. का, असं जावयांनी विचारलं. मग उभा राहून सगळं सांगितलं, सहीसकट, वाढदिवसासकट. सांगून झालं तेव्हा मावशींनी पाण्याचा पेला पुढे केला. बाईंनी फक्त तारीख आणि वेळ लिहून घेतली आणि "थँक्यू काका" म्हणाल्या. नंतर हिरवी डिस्क तपासली तेव्हा चोरानं आत दडवून ठेवलेलं सापडलं. ती घातली असती तर सगळं पुन्हा कुलपात गेलं असतं.

आता कारखाना सुरू आहे. खंडणी दिली नाही. लाल डिस्कवरून सगळं परत आलं, राहिलेल्या आठवड्याच्या ऑर्डरी आम्ही कागदांवरून घालतो आहोत, मी सांगतो आणि मावशी टाइप करतात. ग्राहकांचे नंबर आणि पत्ते चोरांनी नेले असतील तर ते परत येणार नाहीत, तसं दुकानांना कळवलं आहे. मॅडमनी मला काढलं नाही, विभागप्रमुखपद मात्र काढून घेतलं, मी खळखळ केली नाही. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड मिळाला, घिसाईत मेल बंद झाली. आणि ओल्या हातांचं काय केलं माहीत आहे? संगणकाशेजारी एक खिळा ठोकला आणि त्याला टॉवेल लटकवला. बस. त्या खिळ्याकडे बघितलं की मला खाली मान घालावीशी वाटते. तुझं खातं मी स्वतः बाईंसमोर बंद केलं, शेवटचं ‘शुभ सकाळ’ बघून. जाताना तिच्या चष्म्याची काच नीट बसवून दिली. आता ती सरळ बघते.

हे सगळं तुला उत्तरं द्यायला उपयोगी पडेल म्हणून लिहितो, असं वर म्हटलं. ते अर्धंच खरं आहे. शुक्रवारच्या माझ्या जबाबात मला एकच प्रश्न होता, तुमच्या मुलीनं हे केलं असेल असं वाटतं का? मी ‘नाही’ म्हणू शकत होतो. निदान ‘माहीत नाही’ म्हणू शकत होतो. मी म्हणालो, "राग आला की ती काय करेल, सांगता येत नाही." ते तसंच्या तसं उतरवलं गेलं, खाली माझी सही झाली, आणि शनिवारी जावयांनी तो कागद तुझ्या ऑफिसात पाठवला. बुधवारी मी तो मागे घ्यायला गेलो. बाई म्हणाल्या, दिलेला जबाब खोडता येत नाही, खाली पुरवणी जोडता येते. पुरवणी मी दिली. दार मी उघडलं, खातं मी चालू ठेवलं, मुलीचा काही संबंध नाही, असं तीन पानी. ती काल तुझ्या ऑफिसात पोचली, नक्कल सोबत जोडली आहे, तुझ्या नोकरीला धक्का लागणार नाही असं बाईंनी मला सांगितलं आहे. पण दोन्ही कागद एकाच फायलीत आहेत आणि सोमवारी ते पहिल्यापासून वाचतील. ते वाक्य वाचलं जाईल तेव्हा खाली कोणाची सही आहे हे तुला परक्या माणसाच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. ते वाक्य माझं आहे. सभेत तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा, आणि जबाबात तू समोर नसताना, दोन्ही वेळा मी दुसरीकडे बघितलं. क्षमा कर असं लिहून खोडलं आहे, दिसत असेल. मागायचा हक्क आहे की नाही ते तू ठरव. आई मंगळवारपर्यंत तुझ्याकडे राहील. तिच्या हाती काही लिहून पाठवलंस तर अक्षर मी लगेच ओळखेन.

वरचं सगळं दोनदा वाचून, मगच सही करणारा,

तुझाच
बाबा